परिषदेत ऐकलेले लिहिताना

पनवेलच्या महाविद्यालयांत शिकवणाऱ्या आणि त्याबरोबरच सर्वसामान्य वाचकांसाठी विज्ञानावर लिहिणाऱ्या अभ्यासकाला परिषदांसाठी फार दूर जावे लागत नाही. हार्बर मार्गावरच्या लोकलने मानखुर्दला उतरून होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र गाठता येते, कुर्ल्याला उतरून मुंबई विद्यापीठाचे कालिना संकुल, आणि टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था तर खारघरलाच आहे. ही जवळीक मोलाची असली, तरी जो अभ्यासक सभागृहात सहकारी म्हणून बसतो आणि घरी परतल्यावर लेखणी उचलतो, त्याच्यावर इतर श्रोत्यांहून वेगळी जबाबदारी येते आणि तिची जाणीव त्याने नोंदणी करतानाच ठेवायला हवी.

परिषदेत मांडले जाणारे सारेच प्रसिद्ध झालेले नसते. भित्तिपत्रकांच्या सत्रात, म्हणजे संशोधन एका मोठ्या तक्त्यावर लावून त्याच्यासमोर उभे राहून समजावून सांगण्याच्या सत्रात, पीएच.डी.चा विद्यार्थी आलेखाच्या कोपऱ्यात ‘प्राथमिक निष्कर्ष’ असे लिहितो, दोन प्रयोग अजून उरले आहेत हे मोकळेपणाने सांगतो, आणि समोरचा श्रोता मोबाइलवर त्याच आलेखाचे छायाचित्र घेऊन पुढच्या तक्त्याकडे वळतो. छायाचित्र छापून येते तेव्हा कोपऱ्यातले ते दोन शब्द बहुधा कापले गेलेले असतात.

याचे परिणाम त्या विद्यार्थ्याला भोगावे लागतात. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’चे संपादक फ्रान्झ इंगेलफिंगर यांनी १९६९ मध्ये असा दंडक घातला की, जे अन्यत्र प्रसिद्ध झाले आहे ते नियतकालिक स्वीकारणार नाही; परिषदेतील मांडणीला या दंडकातून सूट असली, तरी त्यापलीकडचा तपशील वृत्तपत्रात सविस्तर आला, तर संपादकांना उत्तर देण्याची पाळी संशोधकावर येऊ शकते. पेटंटची बाब त्याहून नाजूक आहे, कारण अर्ज करण्याआधीच जाहीर झालेला शोध पेटंटला मुकू शकतो. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यातील ३१ वे कलम शोधकर्त्याने विद्वत्सभेपुढे वाचलेल्या किंवा त्याच्या संमतीने त्या सभेच्या इतिवृत्तात छापलेल्या निबंधानंतर अर्ज करायला १२ महिन्यांची मुदत देते. दैनिकाच्या पुरवणीतील लेखाचा त्यात उल्लेख नाही, आणि युरोपात तर अशी सर्वसाधारण सवलतच नाही.

अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत २००९ मध्ये हा प्रश्न उघडपणे पुढे आला. तेथे पत्रकारांना वक्त्याची संमती आधी घ्यावी लागे, परंतु श्रोता म्हणून आलेल्या एका संशोधकाने सभेचा वृत्तान्त इंटरनेटवर लगोलग दिला तेव्हा त्याला तो नियम लागू नव्हता. त्यानंतर प्रयोगशाळेने संमतीची अट सर्वच उपस्थितांना घातली. ती रास्तच होती. व्याख्यान संपल्यावर, चहाच्या सुटीत, वक्त्याकडे जाऊन ‘सर, हे लिहिले तर चालेल का?’ असे विचारणे, जे वाक्य छापायचे ते त्यांना दाखवणे आणि नकार मिळाल्यास त्याच विषयावरील आधी प्रसिद्ध झालेल्या कामापुरतेच लिहिणे, एवढे पथ्य पाळल्याने लेख दुबळा होत नाही; उलट चुकलेली एकके आणि आडनावे याच दोन मिनिटांत दुरुस्त होतात.

मात्र या पथ्याची ढाल करून गप्प बसणे हा दुसरा आणि अधिक गंभीर दोष आहे. जानेवारी २०१५ मध्ये कालिना संकुलातच भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसच्या १०२ व्या अधिवेशनात, भरद्वाज ऋषींच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या ग्रंथाचा आधार देत प्राचीन भारतीय विमानविद्येवर निबंध वाचला गेला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी भरद्वाजांच्याच नावावरील ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाची छाननी १९७४ मध्येच केली होती. तो १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यात वर्णिलेली याने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. अशा वेळी वार्ताहर दाव्याची बातमी देतो, कारण घडले ते सांगणे हे त्याचे काम आहे. जुनी छाननी शोधून ती सोप्या मराठीत वाचकांपुढे ठेवणे हे अभ्यासकाचे काम आहे आणि तेथे वक्त्याच्या संमतीचा प्रश्नच येत नाही, कारण जाहीर व्यासपीठावरून केलेला दावा जाहीर तपासणीला खुला असतो. त्या दिवशी मौन पाळणाऱ्याने सभ्यता नव्हे, कर्तव्यच्युती केली, असेच म्हटले पाहिजे.

लिहिणाऱ्या अभ्यासकाचे नाव छापून येऊ लागले की, ओळखदेख नसलेल्या परिषदांची निमंत्रणेही येऊ लागतात. हैदराबादच्या ‘ओमिक्स’ या कंपनीने संमती न दिलेल्या विद्वानांची नावे परिषदांच्या जाहिरातींत वापरल्याचा आरोप अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने ठेवला होता, आणि २०१९ मध्ये तेथील न्यायालयाने कंपनीला ५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला. पनवेल परिसरातील तरुण प्राध्यापकांनी अशा निमंत्रणातील एखाद्या वक्त्याला स्वतः पत्र लिहून ते खरोखर येणार आहेत का हे विचारावे, आणि उत्तर हाती येईपर्यंत नोंदणी शुल्क भरू नये.