हापूसच्या पेढीचे संकेतस्थळ आणि त्याची राखीव प्रत



रत्नागिरीतून हापूसच्या पेट्या थेट मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाच्या घरी पाठवणाऱ्या बागायतदाराचे संकेतस्थळ ही आता नुसती जाहिरातीची पाटी राहिलेली नसून, मागणी नोंदवणे, पैसे घेणे आणि जुन्या गिऱ्हाइकांचे पत्ते सांभाळणे ही कामे तेथेच होतात. म्हणून पूर्वी कीर्द-खतावणी जितक्या काळजीने जपली जाई, तितक्याच काळजीने संकेतस्थळाचा बॅकअप, म्हणजे मूळ नाहीसे झाले तरी व्यवहार पुन्हा उभा करता येईल अशी राखीव प्रत, जपणे धंदा नव्याने हाती घेणाऱ्याकडून अपेक्षित आहे.

पहिली चूक होते ती प्रत कशाची घ्यायची याविषयीच. वर्डप्रेससारख्या प्रणालीवरील संकेतस्थळात एक भाग फाइलींचा असतो, ज्यात छायाचित्रे, मांडणी आणि प्लगइन, म्हणजे जादा सोयी पुरवणारे छोटे प्रोग्राम, येतात. दुसरा डेटाबेसचा, म्हणजे मागण्या, पत्ते आणि दर ज्यात तक्त्यांच्या रूपाने साठतात त्या नोंदसंग्रहाचा. नुसत्या फाइली उतरवून घेणाऱ्याला आंब्यांचे फोटो परत मिळतात, पण कोणी किती पेट्या मागितल्या आणि कोणाचे पैसे आले, हे मिळत नाही.

प्रत कोठे ठेवावी हे तर रत्नागिरी जिल्ह्याला वेगळे सांगावे लागू नये. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली, तेव्हा एसटी आगारातील सुमारे 9 लाखांची रोकड वाचवण्यासाठी आगार व्यवस्थापकांना पाण्यात बुडालेल्या बसच्या टपावर कित्येक तास बसून राहावे लागले. रोकड दोन ठिकाणी ठेवता येत नाही, म्हणून तिच्यासाठी टपावर बसणे आले. नोंदींची मात्र प्रत निघते, आणि ती ज्याने आदल्या रात्रीच अन्यत्र पाठवली असेल त्याला पाणी चढताना फक्त जीव सांभाळायचा उरतो. दुकानातला संगणक आणि त्याच टेबलाच्या खणातली हार्ड डिस्क या अर्थातच दोन जागा नव्हेत. होस्टिंग कंपनी, म्हणजे सर्व्हरवरची जागा भाड्याने देणारी कंपनी, प्रत ठेवते एवढ्यावरही विसंबू नये. 10 मार्च 2021 रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या डेटा सेंटरची एक इमारत जळाली, तेव्हा राखीव प्रती तेथेच असलेल्या काही ग्राहकांचे मूळ आणि प्रत दोन्ही गेले. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक परगावी, हा या क्षेत्रातला रूढ नियम छोट्या पेढीलाही सर्व्हर, हार्ड डिस्क आणि निराळ्या कंपनीचे क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरील साठवणीचे, खाते एवढ्यात पाळता येतो.

सर्वांत दुर्लक्षित राहते ती पडताळणी. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या, प्रोग्रामांची सांकेतिक लिखिते साठवणाऱ्या, सेवेच्या अभियंत्याकडून मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा नियमित बॅकअपची व्यवस्था डेटाबेस प्रोग्रामची आवृत्ती न जुळल्यामुळे बंद पडलेली, तशी सूचना देणारे ईमेल कोणापर्यंत न पोहोचलेले आणि प्रती ठेवण्याची जागा रिकामी, असे आढळले. सुमारे 6 तास आधी निराळ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत हाती होती म्हणून निभावले. एवढ्या जाणकारांची ही गत, तर बॅकअप झाल्याचे सांगणाऱ्या पडद्यावरच्या हिरव्या खुणेवर बागायतदाराने भरवसा ठेवू नये. प्रत दुसऱ्या, रिकाम्या जागी उभी करून तीत कालची शेवटची मागणी दिसते का, हे डोळ्यांनी पाहावे.

किती वेळा प्रत घ्यावी हे किती नोंदी गमावणे परवडेल यावर ठरते, त्यामुळे मार्च ते मेच्या हंगामात डेटाबेसची रोज घ्यावी आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा घेतली तरी चालेल. नवी आली म्हणून जुनी प्रत लगेच पुसू नये, कारण संकेतस्थळात शिरलेला घातक प्रोग्राम कधीकधी काही आठवड्यांनी उघड होतो आणि तोवर तो प्रत्येक नव्या प्रतीत उतरलेला असतो. प्रतींत गिऱ्हाइकांचे फोन आणि पत्ते असल्याने त्या पासवर्डने कुलूपबंद ठेवाव्यात. आणि वेळ आल्यास प्रत जुन्याच नावाने उभी करता यावी म्हणून डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नाव, संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या नव्हे, पेढीच्याच खात्यावर असावे. पहिली पूर्ण पडताळणी दिवाळीनंतर, मोहोराच्या दिवसांत उरकावी, कारण पेट्या भरू लागल्यावर त्यासाठी कोणालाच सवड मिळणार नाही.