चतुर की दगड?
घरच्या घरी खेळा कुलपांचा खेळ

टेबलावर पत्र्याचा एक डबा आहे. त्याला तीन चाकांचे कुलूप लावलेले आहे. प्रत्येक चाकावर ० ते ९ असे दहा अंक आहेत. डब्याशेजारी चार चिठ्ठ्या पडल्या आहेत आणि घड्याळ चालू झाले आहे. एका तासाच्या आत योग्य तीन अंक शोधून डबा उघडायचा आहे. मित्रांनो, तुम्ही काय कराल? चाके फिरवत सुटाल, की चिठ्ठ्या वाचत बसाल?

या लहानशा प्रश्नात बरेच गणित दडलेले आहे. ते एकदा समजले म्हणजे असा खेळ खेळता तर येतोच, शिवाय तो स्वतः तयारही करता येतो.

खेळाचा जन्म

बंद खोलीतून सुटका करून घेण्याचा हा खेळ प्रथम संगणकाच्या पडद्यावर लोकप्रिय झाला. जपानमधील तोशिमित्सु ताकागी यांनी २००४ साली ‘क्रिमझन रूम’ नावाचा असा खेळ तयार केला. २००७ साली ताकाओ काटो यांनी क्योटो शहरात खरोखरीच्या खोलीत माणसांना घेऊन हा खेळ मांडला. पुढे तो देशोदेशी पसरला.

खोली टेबलावर आणण्याचे काम त्यानंतर झाले. जर्मनीत इंका आणि मार्कुस ब्रांड या दांपत्याने ‘एक्झिट’ ही खेळांची मालिका रचली. तिचे पहिले भाग २०१६ साली निघाले आणि २०१७ साली त्यांना जाणकार खेळाडूंच्या खेळासाठी दिला जाणारा जर्मनीतील वार्षिक पुरस्कार मिळाला. फ्रान्समध्ये तयार झालेली ‘अनलॉक!’ ही मालिकाही २०१७ सालचीच. या खेळांत खोली नसते, खरे कुलूपही नसते. असतात ती कार्डे, चित्रे, कागद आणि घड्याळ. ‘एक्झिट’मध्ये तर कागद कापावे, दुमडावे लागतात. त्यामुळे एक खेळ एकदाच खेळता येतो.

अंदाजाने कुलूप उघडेल का?

आपल्या डब्याकडे परत येऊ. पहिल्या चाकाचे दहा अंक, दुसऱ्याचे दहा आणि तिसऱ्याचे दहा. म्हणजे १० × १० × १० = १००० संकेतांक शक्य आहेत. एक संकेतांक लावून पाहायला ५ सेकंद लागतात असे धरू. सगळे लावून पाहायला ५००० सेकंद, म्हणजे ८३ मिनिटे २० सेकंद लागतील. एका तासात ७२० संकेतांक तपासून होतील. काहीही विचार न करता नुसती चाके फिरवणाऱ्यालाही डबा उघडण्याची संधी शंभरात ७२ इतकी मोठी आहे!

मग चिठ्ठ्यांना अर्थ काय उरला? म्हणूनच खेळ रचणारे अंदाजाला आळा घालतात. ‘अनलॉक!’मध्ये चुकीचे पाऊल पडले की दंडाचे कार्ड मिळते आणि काही मिनिटे वजा होतात. आपणही नियम करू, की प्रत्येक चुकीला एक मिनिट दंड. आता एका प्रयत्नाला ६५ सेकंद लागतील. तासाभरात जेमतेम ५५ प्रयत्न होतील आणि यशाची संधी शंभरात साडेपाचवर येईल. एका साध्या नियमाने केवढा फरक पडला पाहा.

‘एक्झिट’मधील युक्ती आणखी वेगळी आहे. तेथे एक फिरती चकती असते. तिच्यावर संकेतांक जुळवला की खिडकीत एका कार्डाचा क्रमांक दिसतो. संकेतांक हजार, पण कार्डे मोजकीच. त्यामुळे चुकीचा संकेतांकही नशिबाने बरोबर कार्डावर जाऊन पडू शकतो. म्हणून ते कार्ड पुन्हा विचारते, की हे कुलूप कोणत्या वस्तूवर आहे? त्याचेही उत्तर जुळले तरच पुढे जायचे. एका तपासणीवर विसंबायचे नाही, हा धडा आपण लक्षात ठेवू.

धाग्याची किंमत

चुकीचा संकेतांक लावला तर कुलूप काय सांगते? फक्त ‘नाही’. हजारातील एक शक्यता गेली, ९९९ उरल्या. हे फार थोडे ज्ञान झाले. याउलट कोणी आपल्या प्रश्नांना ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देत असेल, तर आपण विचारू, “संख्या ५०० पेक्षा लहान आहे का?” उत्तर काहीही येवो, निम्म्या शक्यता एकदम गळतात. उरलेल्यांचे पुन्हा दोन भाग करायचे. १०००, ५००, २५०, १२५, ६३, ३२, १६, ८, ४, २, १. दहा प्रश्नांत उत्तर हाती! माहिती अशा ‘होय–नाही’ प्रश्नांत मोजण्याचे शास्त्र अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली मांडले. अशा एका प्रश्नाच्या माहितीला ‘बिट’ म्हणतात. संगणकातील बिट तो हाच.

तेव्हा कोड्यातील धागा कितीही गूढ भाषेत लिहिलेला असो, त्याची किंमत एकाच प्रश्नावरून ठरते. त्याने शक्यता किती कमी केल्या?

एक उदाहरण सोडवू. पहिली चिठ्ठी म्हणते, ‘तिन्ही अंकांचा गुणाकार ७२ आहे.’ शून्य तर लगेच बाद झाले. उरलेल्या अंकांतून ७२ करण्याच्या जोडण्या पाच आहेत.

१, ८, ९ – हे अंक ६ प्रकारे मांडता येतात.
२, ४, ९ – ६ प्रकारे.
२, ६, ६ – दोन अंक सारखे असल्यामुळे फक्त ३ प्रकारे.
३, ३, ८ – ३ प्रकारे.
३, ४, ६ – ६ प्रकारे.

एकूण २४. एका चिठ्ठीने हजाराचे चोवीस केले.

दुसरी चिठ्ठी: ‘तिन्ही अंकांची बेरीज १४ आहे.’ वरील जोडण्यांच्या बेरजा अनुक्रमे १८, १५, १४, १४ आणि १३ येतात. म्हणजे २, ६, ६ आणि ३, ३, ८ एवढ्याच राहिल्या. त्यांच्या मांडण्या सहा.

येथे एक गंमत आहे. हीच बेरजेची चिठ्ठी आधी सापडली असती तर? बेरीज १४ असलेले संकेतांक ७५ आहेत. म्हणजे आधी सापडली तर ती १००० चे ७५ करते, नंतर सापडली तर २४ चे ६. धाग्याची किंमत आपल्याला आधीच काय ठाऊक आहे यावरही अवलंबून असते.

तिसरी चिठ्ठी: ‘डावीकडून उजवीकडे जाताना अंक कधीच लहान होत नाही.’ आता उरले दोनच, २६६ आणि ३३८.

चुकले कोण?

समजा, खेळ रचणाऱ्याने येथेच हात आखडता घेतला. त्याच्या मनात ३३८ आहे. तो पुन्हा पुन्हा ताडून पाहतो. गुणाकार ७२, बेरीज १४, क्रमही बरोबर. त्याचे समाधान होते. खेळणारी मुलगी विचार करून २६६ लावते. कुलूप उघडत नाही, एक मिनिट दंड होतो. ती आपला गुणाकार तपासते, बेरीज तपासते. सगळे बरोबर आहे! शेवटी ‘मला कोडी जमतच नाहीत’ असे म्हणून ती बाजूला होते. खरे पाहता तिची काहीच चूक नव्हती. चूक होती ती रचणाऱ्याची.

आपले उत्तर धाग्यांशी जुळते एवढे पाहून भागत नाही. दुसरे कोणतेही उत्तर जुळत नाही, हेही पाहावे लागते. पहिले काम सोपे असते, दुसऱ्याला कष्ट पडतात. विज्ञानातही हेच घडते. एखादे निरीक्षण दोन कल्पनांनी सारखेच समजावता येत असेल, तर त्या दोघींना वेगळे करणारा नवा प्रयोग शोधावा लागतो. आपल्या खेळात ते काम चौथी चिठ्ठी करते: ‘सर्वांत मोठा अंक एकदाच आला आहे.’ २६६ मध्ये सहा दोनदा आहे. तो बाद. उरला ३३८.

१०००, २४, ६, २, १. कोडे आता निर्दोष झाले.

अक्षरांत लपलेले अंक

संकेतांक शब्दात लपवण्याची एक सुंदर पद्धत आपल्या देशात फार पूर्वीपासून आहे. तिचे नाव ‘कटपयादि’. केरळातील गणितज्ञ व ज्योतिषी मोठमोठ्या संख्या पाठ ठेवण्यासाठी तिचा उपयोग करीत. तिचा तक्ता असा:

१ – क, ट, प, य
२ – ख, ठ, फ, र
३ – ग, ड, ब, ल
४ – घ, ढ, भ, व
५ – ङ, ण, म, श
६ – च, त, ष
७ – छ, थ, स
८ – ज, द, ह
९ – झ, ध
० – ञ, न

काना, मात्रा, वेलांटी यांना किंमत नाही. जोडाक्षरात फक्त शेवटचे व्यंजन धरायचे. सुटा स्वर आला तर तो शून्य. ‘ळ’ या तक्त्यात नाही, म्हणून आपल्या खेळात ‘ळ’ असलेला शब्द घेऊ नये. संख्या मात्र उजवीकडून डावीकडे वाचायची. कर्नाटक संगीतात ७२ मेळकर्ता राग आहेत. त्यांच्या नावांची पहिली दोन अक्षरे रागाचा क्रमांक सांगतात. ‘मेचकल्याणी’ हे नाव घ्या. म म्हणजे ५, च म्हणजे ६. उलट वाचले की ६५. हा पासष्टावा मेळ!

आता आपले दोन संकेतांक या तक्त्यात पाहा. च ६, त ६, र २. उलट वाचा, २६६. तो शब्द झाला ‘चतुर’. आणि द ८, ग ३, ड ३. उलट वाचा, ३३८. तो शब्द ‘दगड’! आपल्या सदोष कोड्यात ‘चतुर’ उत्तर देणारी मुलगी अडली आणि कुलूप ‘दगडा’वर उघडले. तेव्हा सोडवणाऱ्याला नावे ठेवण्यापूर्वी कोडे तपासावे.

खेळ तयार करा

साहित्य: पत्र्याचा डबा, आकड्यांचे कुलूप, कागद, लाटणे, आरसा, लिंबाचा रस, काडी. कुलूप नसले तरी अडत नाही. खेळ रचणाऱ्यानेच कुलूप व्हावे. कोणी संकेतांक सांगितला की ‘उघडले’ किंवा ‘नाही’ एवढेच बोलावे आणि चुकीला एक मिनिट दंड लिहावा.

१. पहिली चिठ्ठी सरळ लिहून डब्यावरच ठेवा.

२. दुसरी चिठ्ठी पातळ कागदावर ठळक लिहा. कागद उलटा करून खिडकीच्या काचेवर धरा आणि मागून दिसणारी अक्षरे दुसऱ्या कागदावर गिरवा. ती आरशातच सुलट वाचता येतील.

३. तिसरीसाठी कागदाची एक सेंटिमीटर रुंदीची लांब पट्टी कापा. लाटण्याभोवती ती तिरकी गुंडाळा. वेढ्यांच्या कडा एकमेकींना लागल्या पाहिजेत. लाटण्याच्या लांबीच्या दिशेने, एका वेढ्यावर एक अक्षर असा मजकूर लिहा. पट्टी सोडवली की अक्षरांचा काला होतो. तेवढ्याच जाडीच्या लाटण्यावर गुंडाळली तरच मजकूर जुळतो. प्राचीन ग्रीसमध्ये स्पार्टाचे अधिकारी काठीवर असे निरोप लिहीत, असे वर्णन प्लूटार्क या लेखकाने केले आहे.

४. चौथी चिठ्ठी काडी लिंबाच्या रसात बुडवून लिहा आणि वाळू द्या. अक्षरे दिसेनाशी होतील. कागदावर गरम इस्त्री फिरवली की रसातील पदार्थ कागदाच्या आधी तपकिरी पडतात आणि मजकूर उमटतो. इस्त्रीचे काम मोठ्या माणसांकडूनच करून घ्यावे.

५. कटपयादीचा तक्ता एका पाकिटात घाला. पाकिटावर लिहा, ‘कुलपाला हात लावण्यापूर्वी उत्तराचे अक्षरांत रूपांतर करा. अंगणात सापडणारी वस्तू मिळाली तर उत्तर बरोबर.’ ही आपली दुसरी तपासणी.

खेळ मांडण्यापूर्वी तो एका तटस्थ माणसाला सोडवायला द्या. आजी, मोठी ताई, शेजारचा मित्र, कोणीही चालेल. तो सोडवत असताना बोलायचे नाही, फक्त पाहायचे. तो कोठे अडला ते वहीत टिपून ठेवा. प्रत्येक टप्प्यासाठी दोन मदतीच्या चिठ्ठ्या तयार असू द्या. पहिली थोडी दिशा दाखवणारी, दुसरी अधिक स्पष्ट.

राहता राहिला एक प्रश्न. डब्यात बक्षीस काय ठेवावे? ३३८ हा अंक पुन्हा एकदा अक्षरांत उतरवून पाहा. ज ८, ल ३, ब ३. डब्यात जिलबी ठेवायला हरकत नाही!

तुम्हीच सोडवा

(१) कटपयादीने ‘नगर’, ‘बटाटा’ आणि ‘कढई’ या शब्दांच्या संख्या काढा.
(२) ‘तीन अंकांचा गुणाकार ३०’ या धाग्याने हजारापैकी किती संकेतांक उरतात?
(३) त्याला ‘बेरीज १०’ हा धागा जोडला तर किती उरतात? एकच उत्तर राहावे म्हणून तिसरा धागा कोणता द्याल?

उत्तरे: (१) २३०, ११३ आणि ०४१. (२) १, ५, ६ आणि २, ३, ५ या दोन जोडण्यांचे मिळून १२. (३) सहा. तिसरा धागा ‘अंक चढत्या क्रमाने आहेत’ असा दिला तर फक्त २३५ उरतो. तुमचा धागा वेगळा असेल तर सहाही मांडण्या लिहून तो तपासून पाहा.