जादा तासांचे मोल

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कापडगिरण्यांतील कामाचा दिवस सूर्यावर मोजला जाई. उजाडताच कामगार यंत्रापाशी उभा राही, तो मावळतीपर्यंत. हक्काची साप्ताहिक सुट्टी ही कल्पनाच रुजलेली नव्हती. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी स्वतः गिरणीत नोकरी केली होती. त्यामुळे हे कष्ट त्यांना ऐकीव नव्हते. 1884 मध्ये त्यांनी परळ येथे कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, या त्यातील मागण्या. आज त्या किती साध्या वाटतात! तरीही त्यांपैकी पहिली पदरात पडण्यास सहा वर्षे लागली. 24 एप्रिल 1890 रोजी सुमारे दहा हजार कामगार एकत्र जमले. त्या सभेत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली.

आता आपल्या काळाकडे वळू. बंगळुरूच्या जयनगरमधील एखादे कापडाचे दुकान डोळ्यांसमोर आणा. दिवाळीचा आठवडा आहे. विक्रेत्याची रोजची मजुरी आठ तासांस 480 रुपये, म्हणजे तासास 60 रुपये. गर्दीमुळे तो सहा दिवस दररोज दोन तास अधिक थांबला. या बारा तासांचे त्याला काय मिळावे?

‘पुढे दीड दिवस सुट्टी घे,’ असे मालक म्हणाला, तर हिशेब चोख वाटतो. बारा तासांच्या बदल्यात बारा तास. परंतु कर्नाटकाच्या 1961 च्या दुकाने व व्यापारी आस्थापना कायद्याने अशा अतिकालिक कामाला, म्हणजेच ओव्हरटाइमला, नेहमीच्या दुप्पट दर ठरवून दिला. त्यानुसार विक्रेत्याचे 1440 रुपये होतात. दीड दिवसाच्या सुट्टीचे मोल मात्र 720 रुपयेच भरते. उरलेली निम्मी रक्कम गोड शब्दांत बुडाली.

बदली सुट्टी मुळात वेगळ्या प्रसंगासाठी आहे. कारखान्यात साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी काम करावे लागले, तर ती बुडालेली सुट्टी नंतर ठरावीक मुदतीत देणे, हा तिचा हेतू. 1948 च्या कारखाने अधिनियमात ही तरतूद होती; 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा घेणाऱ्या संहितेतही ती आहे, आणि जादा कामाचा दुप्पट दरही.

हा दुप्पट दर अडचणीच्या काळात टिकतो का? करोनाच्या साथीत, एप्रिल 2020 मध्ये, गुजरात सरकारने कारखान्यांना बारा तासांच्या दिवसाची आणि जादा तासांना साध्याच दराने मजुरी देण्याची मुभा दिली. कामगार संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. 1 ऑक्टोबर 2020 रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने ती अधिसूचना रद्द केली आणि कामगारांना जादा कामाची कायदेशीर मजुरी देण्याचा आदेश दिला.

न्यायालयापर्यंत जाणे प्रत्येकाला जमत नाही, हे खरे. पण तक्रार कामगार खात्याच्या निरीक्षकाकडेही करता येते, आणि तेथे पहिला प्रश्न पुराव्याचा येतो. हजेरीपत्रक मालकाच्या कपाटात असते. म्हणून येण्याची व निघण्याची वेळ रोज आपल्या वहीत, तारखेसह, त्याच दिवशी लिहावी. लिहिता-वाचता येऊ लागलेल्या माणसाला हे काम दोन मिनिटांचे आहे.