गाडगेबाबांच्या नावाचं विद्यापीठ

आपल्या धनजची पोरं पुढं कॉलेजात जातात. त्यांना पदवी कोण देतं? विद्यापीठ देतं.

नागपूरचं विद्यापीठ १९२३ साली निघालं. आपल्या वऱ्हाडातली कॉलेजं त्यालाच जोडलेली होती. मग १ मे १९८३ रोजी अमरावतीला वेगळं विद्यापीठ झालं. आज अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि आपला वाशीम, असे पाच जिल्हे त्यात येतात.

पुढं त्याला संत गाडगेबाबांचं नाव दिलं. बाबा शाळेत गेले नव्हते. त्यांच्या हाती खराटा आणि मातीचं गाडगं असे. पण पोटाला चिमटा घेऊनही लेकरं शिकवावी, असं ते कीर्तनात बजावत.

पदवीच्या कागदावर आता त्यांचं नाव असतं. आपण वाचायला शिकलो. आता आपल्या लेकीला शिकवू. एक दिवस तिच्या कागदावरचं ते नाव आपणच वाचू.