पॅरिसचा रविवारचा बाजार

मुलांनो, 'बाजार' हा शब्द तुमच्या उर्दूतही आहे आणि मराठीतही आहे. वजन, किंमत, हिशेब, ताजा, मेवा हे शब्दसुद्धा थोड्याफार फरकाने दोन्ही भाषांत आढळतात. माणसे एकमेकांच्या बाजारात जात राहिली, तेव्हा मालाबरोबर शब्दही इकडून तिकडे गेले. आज आपण एका दूरच्या बाजारात जाणार आहोत. तेथील भाषा वेगळी, चलन वेगळे, भाज्याही काही ओळखीच्या तर काही अनोळखी. पण घाबरू नका. दोन-चार गोष्टी ठाऊक असल्या, की परक्या माणसालाही तेथे चांगली खरेदी करता येते.

जगाच्या नकाशात युरोप खंड पाहा. त्याच्या पश्चिमेला फ्रान्स हा देश आहे आणि त्या देशाच्या उत्तर भागात, सेन नदीच्या काठी, पॅरिस ही त्याची राजधानी आहे. एवढ्या मोठ्या शहरात मोठमोठी दुकाने असणारच. तरीही तेथे आजसुद्धा सुमारे ७० ठिकाणी उघड्या रस्त्यावर खाण्यापिण्याच्या वस्तूंचे बाजार भरतात. प्रत्येक मोहल्ल्याचे वार ठरलेले असतात. कुठे मंगळवार आणि शुक्रवार, कुठे बुधवार आणि शनिवार, तर कुठे गुरुवार आणि रविवार. सकाळी भरलेला बाजार दुपारी दोन-तीनच्या सुमारास उठतो.

शनिवारी आणि रविवारी गर्दी सर्वांत जास्त असते. याला एक कारण आहे. फ्रान्समध्ये १९०६ साली कामगारांना आठवड्यातून एक दिवस सुटी देणारा कायदा झाला आणि रविवार हा विश्रांतीचा दिवस ठरला. त्यामुळे रविवारी अनेक दुकाने बंद असतात. पण माणसाला जेवण तर लागतेच! म्हणून खाद्यपदार्थांच्या विक्रीला रविवारी सकाळी परवानगी असते. रविवारी दुपारी घरातली सर्व माणसे एकत्र बसून निवांत जेवतात. त्या जेवणाची तयारी सकाळच्या या बाजारातून होते.

चला तर, रविवारी सकाळी आपण बॅस्टिल चौकात जाऊ. इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही हे नाव वाचले असेल. येथे एक किल्ला होता. राजा त्यात कैदी ठेवत असे. १४ जुलै १७८९ रोजी लोकांनी तो जिंकला आणि फ्रेंच राज्यक्रांती पेटली. आता किल्ला नाही. चौकात एक उंच स्तंभ आहे आणि तेथून उत्तरेकडे रिशार लनुआर नावाचा रुंद रस्ता जातो. या रस्त्याखालून एक कालवा वाहतो. वर भाजी विकली जाते आणि खालून बोटी जातात, ही गंमत नव्याने आलेल्या माणसाच्या ध्यानातही येत नाही.

याच वर्षाची आणखी एक हकिकत बाजाराशी जोडलेली आहे. १७८९ च्या ऑक्टोबरात पॅरिसमध्ये पावाची टंचाई झाली होती. पाव मिळाला तरी परवडत नव्हता. ५ ऑक्टोबरला बाजारातल्या विक्रेत्या स्त्रिया आणि गोरगरीब बाया जमल्या आणि पावसात चिखल तुडवत सुमारे २० किलोमीटर दूर असलेल्या व्हर्साय येथे राजाच्या वाड्यावर गेल्या. दुसऱ्या दिवशी राजाला त्यांच्याबरोबर पॅरिसला यावे लागले. फ्रान्समध्ये पावाच्या भावाकडे सरकार पुढे कितीतरी वर्षे डोळ्यांत तेल घालून पाहत होते, त्याचे कारण आता तुम्हांला कळेल.

बाजार मात्र आपला सकाळीच मांडलेला असतो. फरसबंदीत खोबणी केलेल्या आहेत. त्यांत लोखंडी खांब उभे करतात, वर आडव्या सळया आणि त्यावर ताडपत्री. झाली पाले तयार! काही विक्रेत्यांच्या जागा कायमच्या ठरलेल्या असतात. ज्या जागा त्या दिवशी रिकाम्या राहतात, त्या बाजाराचा अधिकारी फिरत्या विक्रेत्यांना वाटून देतो.

आता खरेदीला लागू. पहिली गोष्ट. पालासमोर उभे राहून एकदम "टोमॅटो कसे दिले?" असे विचारू नका. आधी "बोंझूर" म्हणायचे. बोंझूर म्हणजे 'तुमचा दिवस चांगला जावो'. तुमच्या घरी कोणी सलाम न करता एकदम कामाचे बोलू लागला, तर मोठी माणसे कशी बघतात? फ्रेंच विक्रेताही तसाच बघतो. बोंझूर म्हटले, की त्याचा चेहरा खुलतो. मग तुमची फ्रेंच मोडकी असली तरी चालते.

दुसरी गोष्ट. भाव विचारण्याची बहुधा गरजच पडत नाही. प्रत्येक ढिगावर पाटी असते. भाव किलोचा आहे, नगाचा आहे की जुडीचा, हे तिच्यावर लिहिलेले असते. फळे आणि भाज्या कोठून आल्या, तेही लिहावे लागते. कायदाच तसा आहे. पाटीवर 'स्पेन' असेल तर माल स्पेनचा, 'मोरोक्को' असेल तर मोरोक्कोचा. घासाघीस करण्याची तेथे फारशी रीत नाही. रांगही नीट दिसत नाही. विक्रेता मध्येच विचारतो, "आता कोणाची पाळी?" आणि लोक बहुतेक वेळा खरे सांगतात.

तिसरी गोष्ट आपल्याला जरा जड जाईल. आपण भाजी घेतो तेव्हा वांगे दाबून पाहतो, भेंडीचे टोक मोडून पाहतो. पॅरिसच्या बाजारात बऱ्याच पालांवर मालाला हात लावलेला चालत नाही. विक्रेता स्वतः निवडून देतो. तुम्ही म्हणाल, मग तो सडका माल आपल्या गळ्यात मारणार! पण तेथे एक सुंदर प्रथा आहे. तुम्ही खरबूज मागितले, तर तो विचारतो, "केव्हा खाणार?" तुम्ही म्हणालात, "आज दुपारी," तर तो दोन-तीन खरबुजे हातात घेतो, देठाजवळ वास घेतो आणि पिकलेले देतो. "बुधवारी" म्हणालात, तर जरा कच्चे देतो. मऊ चीज घेतानाही हाच प्रश्न येतो, कारण तेही फळासारखे आतून पिकत जाते. हा प्रश्न मला फार आवडतो. मोठ्या दुकानातल्या फडताळावर खरबुजे रचलेली असतात, पण तुम्ही ते केव्हा खाणार हे तेथे कोणी विचारत नाही. आणि फसवून विक्रेत्याला परवडणारही नाही. पुढच्या रविवारी तुम्ही त्याच्यासमोरून शेजारच्या पालावर जाल!

पण येथे एक सावधगिरी हवी. पालामागे उभा असलेला प्रत्येक माणूस शेतकरी नसतो. पूर्वी पॅरिसचा घाऊक बाजार शहराच्या मध्यभागी 'ले आल' येथे होता. तो तेथे ८०० वर्षे होता. १९६९ साली तो शहराच्या दक्षिणेला रंजिस या गावी हलवला. आता मध्यरात्रीनंतर रंजिसला ट्रक भरतात आणि बरेच विक्रेते तेथून माल आणून सकाळी पालावर मांडतात. यात गैर काही नाही. तोही कष्टाचाच धंदा आहे. मात्र शेतकऱ्याकडूनच घ्यायचे असेल, तर ओळखायचे कसे? 'प्रोद्युक्तर' म्हणजे उत्पादक, अशी पाटी शोधा. आणि डोळे उघडे ठेवा. ज्या पालावर केळी, आंबे आणि अननस हारीने मांडले आहेत, तो माल पॅरिसजवळच्या शेतातला असणे शक्य नाही. शेतकऱ्याच्या पालावर प्रकार थोडे असतात. मुळ्यांना माती चिकटलेली असते. मोसम नसेल त्या वस्तू त्याच्याकडे मिळत नाहीत.

मोसम कळण्यासाठी तर हा बाजार म्हणजे कॅलेंडरच आहे. एप्रिलमध्ये शतावरीच्या जातीचे जाड पांढरे-हिरवे कोंब येतात, पाठोपाठ स्ट्रॉबेरी. उन्हाळ्यात जर्दाळू, पीच, खरबुजे आणि टोमॅटो. पाऊस पडून जंगले ओली झाली, की शरद ऋतूत रानातली अळंबी, द्राक्षे, सफरचंदे आणि भोपळे. थंडीत कॉर्सिका बेटावरची छोटी गोड संत्री आणि समुद्रातली कालवे. मासेवाल्याच्या पालावर बर्फावर तारली मांडलेली असते. पाववाल्याकडे लांब काठीसारखा पाव मिळतो, त्याला बागेत म्हणतात. १९९३ च्या एका नियमाप्रमाणे 'परंपरागत' म्हणून विकल्या जाणाऱ्या पावात टिकाऊपणासाठी कोणतेही रसायन घालता येत नाही. २०२२ साली युनेस्कोने बागेत बनवण्याच्या कलेची अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली.

चीजच्या पालाजवळ थोडे थांबा. वास उग्र असतो, नाक धरू नका! गाडीच्या चाकाएवढे जे पिवळे चीज दिसते, ते कोंते. असे एक चाक सुमारे ४० किलोचे असते, त्यासाठी ४०० लिटर दूध लागते आणि निदान चार महिने ते तळघरात मुरवतात. निळ्या शिरा असलेले रोकफोर मेंढीच्या दुधाचे असते. ते दक्षिणेतल्या रोकफोर गावच्या गुहांतच मुरवलेले असले पाहिजे. दुसऱ्या कोणी कितीही चांगले केले तरी त्याला ते नाव देता येत नाही. या नावाला कायद्याने १९२५ मध्ये संरक्षण दिले. आपल्या देशात असा कायदा १९९९ मध्ये झाला आणि कोकणच्या हापूस आंब्याला २०१८ मध्ये त्याचा आधार मिळाला.

मांसाच्या पालांवर डुकराचे मांसही असते आणि ते तऱ्हेतऱ्हेच्या पदार्थांत घातलेले असते. कशात काय आहे, हे विचारायला संकोच करू नका. विक्रेत्याला अशा प्रश्नाची सवय असते.

तुम्ही शनिवारी पॅरिसमध्ये असाल, तर शहराच्या उत्तरेकडील बार्बेसच्या बाजारात जा. मेट्रोची २ क्रमांकाची गाडी येथे उंच लोखंडी पुलावरून धावते आणि पुलाच्या सावलीत बुधवारी व शनिवारी बाजार भरतो. डोक्यावर गाडीचा खडखडाट, खाली विक्रेत्यांच्या आरोळ्या आणि खांद्याला खांदा लागेल एवढी गर्दी! बॅस्टिलपेक्षा येथे माल स्वस्त असतो. अल्जीरिया १८३० पासून १९६२ पर्यंत फ्रान्सच्या ताब्यात होता. तेथून, तसेच मोरोक्को व ट्युनिशियातून कामासाठी आलेल्या कितीतरी मुसलमान कुटुंबांची खरेदी याच बाजारात होते. पुदिना आणि कोथिंबिरीच्या जुड्या, खजूर, ऑलिव्ह यांचे ढीग येथे पाहायला मिळतात. आसपासच्या कसायांच्या दुकानांवर 'हलाल' ही पाटी असते.

या बाजारात कान देऊन ऐका. केशराला फ्रेंचमध्ये 'साफ्रां' म्हणतात. तुम्ही लगेच म्हणाल, "हा तर आमचा जाफरान!" बरोबर आहे. शब्द अरबीतून गेला आहे. साखर म्हणजे 'स्युक्र', अरबी 'सुक्कर'. संत्रे म्हणजे 'ओरांझ'. त्याच्या मुळाशी आपली नारंगी आहे. आणि वांग्याला ते 'ओबेर्झिन' म्हणतात. तोही अरबी 'अल-बादिंजान'चाच बदललेला चेहरा आहे. मराठी ही तुमची दुसरी भाषा असल्याने तुम्हांला कधी कधी ती परकी वाटते. त्या फ्रेंच भाजीवाल्याच्या टोपलीतसुद्धा तुमच्या घरचे चार शब्द निघाले ना?

असा बाजार एके दिवशी भरलाच नाही तर? २०२० च्या मार्च महिन्यात करोनाच्या साथीमुळे फ्रान्समध्ये उघड्यावरचे बाजार बंद करण्यात आले. काही गावांना खास परवानगी मिळाली, पॅरिसचे बाजार मात्र मे महिन्यापर्यंत बंद राहिले. दिवस शतावरीचे आणि स्ट्रॉबेरीचे होते. कोंब काही जमिनीत थांबून राहत नाहीत. आठवड्याच्या बाजारावर ज्याचे घर चालते, त्याला दोन महिने म्हणजे किती, याचा हिशेब तुम्हीच करून पाहा.

दुपारचे दोन वाजत आले. आता भाव उतरतात. "एक युरो, एक युरो!" अशी ओरड सुरू होते. उरलेली पालेभाजी कोणी निम्म्या किमतीत देतो, कोणी तशीच देऊन टाकतो. मला विचाराल तर बाजाराचा हाच तास सर्वांत नीट पाहण्यासारखा आहे. विक्रेते खोकी गाडीत भरू लागले, की काही माणसे पिशव्या घेऊन येतात. त्यांत म्हातारी माणसे असतात, विद्यार्थी असतात. टाकून दिलेल्या खोक्यांतून ती चांगला टोमॅटो, थोडासा दबलेला पीच, बाहेरची पाने सुकलेला कोबी निवडून घेतात. पीक काढल्यावर शेतात राहिलेली कणसे वेचण्याला आपल्याकडे सरवा वेचणे म्हणतात. फ्रेंचमध्येही त्यासाठी जुना शब्द आहे, 'ग्लाने'. मिले या चित्रकाराने १८५७ साली वाकून सरवा वेचणाऱ्या तीन बायकांचे चित्र काढले. ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. २००० साली आन्येस वार्दा या दिग्दर्शिकेने अशाच वेचणाऱ्यांवर चित्रपट केला आणि त्यात बाजार उठल्यावर भाजी वेचणारी माणसेही दाखवली. २०१६ पासून तर ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या खाद्यपदार्थांच्या दुकानांना खाण्याजोगा उरलेला माल नासवून टाकायला कायद्याने बंदी आहे. तो सेवाभावी संस्थांना देण्याची व्यवस्था त्यांना करावी लागते.

पालावर असला कागदी करार नसतो. तेथे बाई वाकते आणि विक्रेता खोके तिच्याकडे सरकवतो. कोणी पाहून न पाहिल्यासारखे करतो. कोणी एखाद्या म्हातारीसाठी दोन गाजरे मुद्दाम बाजूला ठेवतो, तीही वरच्या बाजूला, म्हणजे तिला फार शोधावे लागू नये.

मग नगरपालिकेची माणसे येतात. खांब निघतात, ताडपत्र्या गुंडाळल्या जातात. पाण्याचा जोराचा फवारा मारून कोबीची पाने आणि माशांचे खवले धुऊन काढले जातात. चारच्या सुमारास त्याच जागेवर मुले चेंडू खेळू लागतात. पुढचा बाजार आता गुरुवारी.