समुपदेशनापलीकडचं मानसशास्त्र

मुलगी एम.ए.ला सोशल सायकॉलॉजी घेते म्हणाली, की घरातून पहिला प्रश्न येतो, ‘म्हणजे काउन्सेलर होणार ना?’ नाही. हे प्रवेशाआधीच कळलेलं बरं. रुग्णांवर उपचार करणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा अभ्यासक्रम वेगळा असतो, त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता लागते. इथे अभ्यास होतो तो माणसांमाणसांत काय घडतं याचा : जात, गर्दी, अफवा, पूर्वग्रह.

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. जितके सुटतील तितके पैसे. जातीचा उल्लेख नव्हता तोवर दलित आणि सवर्ण मुलं जवळपास बरोबरीत होती. मग प्रत्येकाचं नाव, गाव, वडील-आजोबांचं नाव आणि जात सगळ्यांसमोर वाचली गेली, आणि दलित मुलांची कामगिरी घसरली. मुलं तशाच घरांतली, कोडी तीच. हा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला, तोही अर्थशास्त्राच्या नियतकालिकात! राखीव जागा, शाळेतले पट, मुलाखती यांच्याबद्दल मत देण्याआधी तो वाचावा, असं मला वाटतं.

पण वरच्या वर्गात एवढ्यावर भागत नाही. 2015 साली ब्रायन नोसेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसशास्त्रातले 100 अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी 97 टक्क्यांत निष्कर्ष संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरले होते. फेरतपासणीत उतरले फक्त 36 टक्के. सोशल सायकॉलॉजीतले तर चारांतला जेमतेम एक. नमुने लहान, आकडे हवे तसे वळवण्याची मोकळीक आणि फसलेले प्रयोग न छापण्याची सवय, अशी कारणं पुढे आली. त्यातून प्रयोगाआधीच आराखडा जाहीर नोंदवण्याची पद्धत रुजली. मुलांनी हा गोंधळ टाळू नये. विषयातला सगळ्यात जिवंत भाग तोच आहे.

शिवाय बहुतेक प्रयोग पाश्चात्त्य कॉलेजकुमारांवर झालेले. आपल्याकडचं साहित्य कमी मोलाचं नाही. 1934 च्या बिहार भूकंपानंतर जमुना प्रसाद यांनी अफवा गोळा केल्या. जिथे धक्का बसला पण नुकसान झालं नाही, तिथे आणखी मोठं संकट येणार अशा अफवा पसरल्या होत्या. आधीच वाटणाऱ्या भीतीला लोक कारण शोधत होते, असा अर्थ लिऑन फेस्टिंगरने लावला, आणि त्यातून त्याचा 1957 चा प्रसिद्ध सिद्धांत उभा राहिला. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फॉरवर्डचा अभ्यास करणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी.

आता पगाराचं. ‘सोशल सायकॉलॉजिस्ट हवेत’ अशी जाहिरात क्वचितच दिसेल. कामं असतात ती मार्केट रिसर्चमध्ये, अ‍ॅप बनवणाऱ्या कंपन्यांच्या युजर रिसर्चमध्ये, सार्वजनिक आरोग्याच्या प्रकल्पांत. प्राध्यापकीसाठी नेट किंवा सेट, पुढे पीएच.डी. सगळीकडे विचारतात एकच : प्रश्नावली बनवता येते का, आकडे हाताळता येतात का. म्हणून विभागाच्या इमारतीपेक्षा अभ्यासक्रमाची पीडीएफ पाहा. संख्याशास्त्राचे किती पेपर आहेत, ‘आर’सारखं सॉफ्टवेअर हाताने चालवायला देतात का, प्रबंधासाठी प्रत्यक्ष माहिती गोळा करावी लागते का, हे सीनियर मुलांना विचारा. आकड्यांचं नाव काढताच अंगावर काटा येत असेल, तर स्पेशलायझेशन निवडण्याआधी संख्याशास्त्राचा एखादा छोटा कोर्स करून पाहा. तो नकोसा झाला, तर दुसरी शाखा घ्यायला वेळ हातात आहे.