फिरत्या घरातून मित्रभेट

प्रश्न : निवृत्तीनंतर जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये पलंग आणि शेगडी बसवून संगमनेर, सातारा व कोल्हापूर येथील जुन्या स्नेह्यांकडे जाण्याचा पती-पत्नींचा बेत आहे. गाडी घरचीच असल्याने परवानगीची गरज नसावी ना?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : बेत उत्तम आहे, मात्र गाडीची मालकी आणि तिच्यात फेरबदल करण्याची मुभा या दोन वेगळ्या बाबी आहेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकास परस्पर करता येत नाही, आणि तसा बदल केल्यास अपघातानंतर विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो. म्हणून आधी नाशिकच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करावी, अथवा पहिल्या खेपेस कॅरॅव्हान, म्हणजे निजण्याची व स्वयंपाकाची सोय असलेले वाहन, चालकासह भाड्याने घ्यावे. त्यातच अधिक शहाणपणा आहे. अशा पर्यटनासाठी राज्य शासनाने २०२१ मध्ये स्वतंत्र धोरणही आखले आहे.

आपण स्वतः चालवणार असल्यास परवान्याची मुदत पाहावी, कारण वयाच्या पंचावन्न वर्षांनंतर तो एका वेळी पाच वर्षांसाठीच मिळतो. चालत्या गाडीत शेगडी पेटवू नये आणि खंबाटकी घाट दिवसाउजेडी ओलांडावा. मुक्काम महामार्गाच्या कडेला न करता स्नेह्यांच्या अंगणात करावा. तत्पूर्वी फाटकाची कमान आणि गल्लीतील लोंबत्या तारा यांखालून गाडी जाईल का, हे त्यांना फोनवरून अवश्य विचारावे.